समोरची खुर्ची

आसिलच्या समोर त्या दिवशी ओरोझ बसायचाच नव्हता. बसायचे होते ते झुमागुल-आके, साठी उलटलेले, चार जिल्ह्यांत नाव असलेले शाहीर. पण आदल्या दिवशी त्यांनी दाढ उपटून घेतली आणि गालाचा झाला भोपळा. तोंड उघडायची पंचाईत, तिथे गाणार काय कपाळ! मग कोचकोरच्या त्या मैदानात, भुरभुर पावसात, कार्यक्रमाचे सर्वेसर्वा काल्मुरात-आके यांनी डोक्यावरची पांढरी, लोकरी नमद्याची टोपी काढली, शिल्लक गवयांच्या चिठ्ठ्या तिच्यात टाकल्या आणि आसिलपुढे धरली.

"काढ गं पोरी. तोंड पाडू नकोस. म्हाताऱ्यापेक्षा कुणीही बराच निघेल."

आसिलनं तोंड पाडलं नव्हतं, तिला राग आला होता. झुमागुल-आकेंच्या टकलावर तिनं सबंध प्रवासात इतके सुंदर टोमणे घोळवले होते, ते सगळे पाण्यात गेले. तिनं चिठ्ठी काढली. वर नाव होतं, ओरोझ. मान वर करून पाहते तर पलीकडे एक लांबुडका तरुण, एका हातात तीन तारांचा कोमुझ धरून, चिखलात रुतलेला बूट दुसऱ्या हातानं उपसत होता. कान म्हणाल तर सुपासारखे.

"हा?" तिनं विचारलं.

"हाच," काल्मुरात-आके म्हणाले. "बूट निघाला की गाईल."

बूट निघाला. ओरोझनं तो पायात चढवला, तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. आसिलला वाटलं, झालं, आजचा दिवस गेला!

आमच्याकडच्या सवाल-जवाबाचं एक आहे. दोन खुर्च्या, दोन कोमुझ, समोर हजारभर माणसं. एकानं सवाल गायचा, तो संपतो न संपतो तोच दुसऱ्यानं जवाब सुरू करायचा. ठरवून काही नाही. समोरचा गात असतो तेव्हाच तुमच्या तोंडात दोन-तीन जवाब येऊन उभे राहतात. त्यातला एक गायचा, बाकीचे गिळायचे. लिहिणाऱ्या कवीचं बरं असतं, त्याला खोडता येतं. इथे पहिल्या दोन ओळी सुटल्या की यमक ठरलं, आणि यमक ठरलं की त्यात न बसणारं जगातलं सगळं तुमच्यासाठी बंद. गिळलेल्या जवाबाला पुन्हा जागा नाही. म्हणून चांगल्या गवयाचं अर्धं शहाणपण काय गायचं यात असतं आणि अर्धं काय सोडायचं यात.

आणि पोरगा-पोरगी समोरासमोर बसले की पोरानं मागणी घालायची, पोरीनं उडवून लावायचं, हे तर ठरलेलंच. लोक त्यासाठीच येतात. त्यातलं कुणी काही मनाला लावून घेत नाही. निदान तोवर तरी कुणी घेतलं नव्हतं.

ओरोझनं तारा छेडल्या आणि आसिल दचकलीच. मघाचा तो बावळट कुठे गेला कुणास ठाऊक. खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसला होता, मजेत, पाय पसरून, डोळे मिचकावत.

नारिनची वाट लांब,
घोडा माझा दमला ग;
दारी तुझ्या बांधू का मी?
जीव इथे रमला ग!

लोक खूश. आसिलची बोटं आपसूक तारांवर गेली.

घोडा बांध कुंपणाला,
गवताला नाही तोटा;
धन्यासाठी चहा नाही,
तोरा त्याचा फार मोठा!

मैदान हसलं. ओरोझही हसला — आणि ते हसू गवयाचं नव्हतं, जवाब आवडलेल्या माणसाचं होतं. आसिलनं मान फिरवली. पण मान फिरवून करता काय? पुढचा सवाल ऐकायला परत त्याच्याचकडे बघावं लागतं.

वीस मिनिटं चाललं ते. पाऊस वाढला, कुणी उठलं नाही. शेवटच्या फेरीत ओरोझनं आवाज खाली आणला, जवळजवळ बोलल्यासारखा गायला.

मेंढ्या येती खाली जेव्हा,
सरे डोंगरी उन्हाळा;
थंडीत त्या सांग पोरी,
कोण लावील ग लळा?

आणि आसिलनं, का ते तिचं तिलाच माहीत, हा जवाब दिला:

फुकाचे रे बोल तुझे,
रिते माझे दोन्ही कान;
झुमके दे आईहाती,
मग हलवीन मान!

मग जो काही गलका झाला म्हणता! मुलाच्या आईनं येऊन मुलीच्या कानात झुमके घातले की सोयरीक पक्की, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बायकांनी रुमाल हवेत उडवले. अर्ध्या मैदानाचे फोन वर होते.

खाली उतरल्यावर ओरोझ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुन्हा तोच, मघाचा बावळट. हातातल्या पियालीतला चहा त्यानं स्वतःच्याच बाहीवर सांडला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कान म्हणालीस तेव्हा... दुसरा जवाब कुठला होता?"

"कशावरून दुसरा होता?"

"असतोच. तू 'कान' म्हणून एवढासा श्वास घेतलास. निवडत होतीस."

आसिलनं त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटले होते. गिळलेल्याची चौकशी करणारा हा पहिलाच.

"होता," ती म्हणाली. "तुझ्या कानांवर. माझे रिते आणि तुझ्या कानांत धान्य पाखडता येईल, असा काहीतरी."

"मग तो का नाही गायलीस? चांगला होता की!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटलं त्याचं काय करू?" एवढं बोलून तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, आणि त्याच्या बाबतीत ते अंतर थोडं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात काल्मुरात-आकेंना आयती जोडी सापडली. कुणाच्या मुलाचं लग्न असो, कुणाच्या आजोबांची ऐंशी वर्षं असोत, निरोप येई: आसिल आणि ओरोझ, समोरासमोर. सुसामीरच्या कुरणात गारा पडत असताना दोघं गायली. घोड्यांच्या शर्यतीनंतर, धुळीनं माखलेल्या लोकांपुढे गायली. दर वेळी तो मागणी घाली, दर वेळी ती नवी तऱ्हा काढून नाही म्हणे. झुमक्यांचा जवाब मात्र तिनं पुन्हा दिला नाही. तो तारा जुळवताना डोळे मिटायचा, ती तेवढ्यात त्याच्याकडे पाहून घ्यायची. तिला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही. हजार माणसांच्या लक्षात येत होतं.

एकदा सुसामीरहून परतताना गाडीत त्यानं विचारलं होतं, "इतक्या वेळा नाही म्हणतेस... कंटाळा नाही येत?"

"तुला विचारायचा येतो का?"

"नाही ना! तेच तर."

मग दोघंही खिडकीबाहेर पाहत बसली. दोन वेगवेगळ्या खिडक्या, आणि मधल्या सीटवर दोन कोमुझ. तेवढंच. हात धरला नाही, काही नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आत-बाशीला, घरी, आसिल कणीक मळत होती आणि कुंपणाशी गाडी थांबली. आतून उतरल्या तीन बायका. पुढे होती ती ठेंगणी, भरभक्कम, डोक्याला पांढरा रुमाल आणि चालणं असं की अंगणातली कुत्रीसुद्धा बाजूला झाली. मागच्या दोघींच्या हातात गाठोडी, उकडलेल्या मटणाचा आणि कणकेच्या तळलेल्या बोर्सोकांचा वास थेट चुलीपर्यंत आला.

"मी साइराकान," ती आसिलच्या आईला म्हणाली. "ओरोझची आई. मुलीनं बोलावलंन् म्हणून आले."

"कुठल्या मुलीनं?" आसिलची आई झैनेप हिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुझ्या! हजार माणसांपुढे म्हणाली, आईच्या हाती झुमके धाड. मेंढ्या कुरणात होत्या म्हणून उशीर झाला. परवा भाचीनं फोनवर दाखवलं. मी तीनदा पाहिलं." तिनं खिशातली पुडी सोडली. चांदीचे झुमके, जुने, पोवळ्याचे. "माझ्या सासूचे. हे आता कानात जातील नाहीतर माझ्याबरोबर परत जातील. ठेवून जायची पद्धत नाही, तुला ठाऊकच आहे."

झैनेप इतकी गोंधळली की पाहुण्यांना चहा देताना तिनं साइराकानची पियाली काठोकाठ भरली. बाई गं! पाहुण्याला अर्धी पियाली द्यावी, म्हणजे पुन्हापुन्हा मागता येते. काठोकाठ भरली याचा अर्थ एकच, पिऊन उठा.

साइराकाननं पियालीकडे पाहिलं, झैनेपकडे पाहिलं. "भरून दिलीस तरी मी उठायची नाही हो," ती म्हणाली, आणि घोट घेतला. "चहा मात्र फक्कड झालाय."

"आपा, ते गाणं होतं," आसिल कशीबशी म्हणाली. "गाण्यात असं म्हणतातच."

"म्हणतात ना. पण 'नाही' म्हणतात. तू 'झुमके' म्हणालीस. तुझ्याकडे दुसरं काही म्हणायला नव्हतं?"

होतं. तेच तर होतं. आसिल कणकेच्या हातांनी तशीच बाहेर आली.

कुंपणापाशी ओरोझ दुसऱ्या गाडीतून उतरत होता, धापा टाकत, जणू गाडी त्यानं ढकलत आणली होती.

"आईशप्पथ, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आईच्या भाचीनं सांगितलं तेव्हा आई निघून तास झाला होता. आत काय चाललंय?"

"चहा."

"अर्धी पियाली की भरून?"

"भरून. आईच्या हातून चुकून."

"आणि माझी आई बसून राहिली?"

"राहिली."

ओरोझनं डोकं हातात धरलं. मग दोघं गवताच्या गंजीमागे जाऊन उभी राहिली. पलीकडे डोंगराच्या माथ्यावर नवा बर्फ पडला होता, खाली अजून ऊन होतं.

"हे बघ," आसिल म्हणाली, "तुला माहितेय ना झुमके घातले तर काय होईल ते?"

त्याला माहीत होतं. एका घरातली दोन माणसं काल्मुरात-आके समोरासमोर बसवत नसत. बाप-लेक नाही, भाऊ-भाऊ नाही, नवरा-बायको तर नाहीच नाही. कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लोक म्हणणार, यांनी घरीच ठरवून आणलंय. आणि एकदा ठरवून आणल्याचा संशय आला की सवाल-जवाबात उरलं काय? तरीही ओरोझनं तिथूनच फोन लावला.

"आके, समजा... समजा हं... आम्ही लग्न केलं, तर ऑक्टोबरात राजधानीत आम्हाला समोरासमोर—"

"लग्न करताय? वा वा!" पलीकडचा आवाज गंजीमागे लख्ख ऐकू आला. "तुला तालासच्या एका पोरीसमोर बसवतो, आसिलला झुमागुलसमोर. त्याची दाढ बरी आहे आता."

"नाही, म्हणजे आम्ही दोघं—"

"अरे, बायकोला मागणी घालणारा नवरा बघायला कोण येईल, ओरोझ? मी तर नाही यायचो."

फोन बंद झाला. तीही वाट संपली.

आसिल कणकेच्या खपल्या बोटांवरून काढत राहिली. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "लग्नाची नाही. तुझी आई मला आवडली. तू घरातलं शेंडेफळ, धाकट्यानं आईबापांपाशीच राहायचं, म्हणजे त्या घरात मी जन्मभर राहणार, तेही चालेल. पण मला तो खुर्चीवरचा आवडतो रे. समोर बसलेला. तू सवाल टाकतोस ना, तेव्हा मी जेवढी शहाणी असते तेवढी दुसरीकडे कुठेच नसते. ते वीस मिनिटांचं... मी दुसऱ्या कुणासमोर बसले तर तशी नसणार. मला ठाऊक आहे."

"मी पण नसणार."

"आणि घरातला ओरोझ मला माहीतच नाही."

"घरातला चहा सांडतो," तो म्हणाला. "फार बोलत नाही. सकाळी मेंढ्यांशी बोलतो, त्या जवाब देत नाहीत."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तिनं दोन्ही आवरलं.

"तू सांग," ती म्हणाली. "काय करू?"

"नाही म्हण. खरंच. म्हणजे मी जन्मभर तुला मागणी घालत राहीन आणि तू जन्मभर उडवून लावशील. आपल्यासारखी जोडी होणार नाही. म्हाताऱ्या बायका नातवंडांना सांगतील आपल्याबद्दल." तो थांबला. कोमुझ नव्हता, तर हातांचं काय करावं त्याला कळेना. "पण दर वेळी कार्यक्रम संपला की तू आत-बाशीच्या गाडीत बसतेस आणि मी कोचकोरच्या. ते मला आता... जमत नाही, आसिल. मला तू संपल्यानंतरची पण हवीस. गाणं संपल्यानंतरची. मला हे नीट सांगता येत नाही. यमक असतं तर आलं असतं."

"नीट आलं," आसिल म्हणाली.

एक मागितलं तर दुसरं जाणार होतं, आणि जे जाणार ते कायमचं. दोन्हींतलं कुठलं मोठं हे मोजायला तिच्याकडे काही नव्हतं. फक्त एवढंच दिसत होतं की हा समोर आहे, लाल झालेला, आणि संध्याकाळी गाडीत बसून गेलेला तिला चालणार नाही. तिनं हात एप्रनला पुसले आणि आत गेली.

"आपा," ती साइराकानपुढे गुडघ्यांवर बसली, "मला गायचं सोडायला नका सांगू. बाकी काही म्हणणं नाही."

"तुला गाताना बघून तर आले मी," साइराकान म्हणाली. "न गाणारी घेऊन काय करू? मान इकडे कर."

पोवळ्याचे झुमके जड होते. कानाच्या पाळीला कळ लागली आणि आसिलच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका म्हणाल्या आनंदाचं आहे, आणि होतंही ते. दारात ओरोझ उभा होता. त्याला कुणी आत ये म्हणेना, म्हणून तो तसाच उभा राहून हसत होता.

लग्न झालं. ऑक्टोबरात तालासची पोरगी येऊ शकली नाही, म्हणून ओरोझची फेरी पुढे गेली; आसिल मात्र झुमागुल-आकेंसमोर बसली आणि टकलावरचे सगळे टोमणे तिनं वापरून टाकले. लोक पोट धरधरून हसले. तिला बक्षिसाचा अंगरखा मिळाला, तो तिनं सासूला घातला. घरातला ओरोझ खरंच चहा सांडायचा, पण पहाटे तिच्याआधी उठून चूल पेटवायचा, आणि बर्फात तिचे बूट चुलीशी उलटे करून ठेवायचा. त्याच्याबरोबर राहणं सोपं होतं. इतकं सोपं की कधीकधी तिला नवल वाटे.

मग आला नौरुझ, वसंतातला नव्या वर्षाचा सण. कोचकोरच्या मैदानातला बर्फ नुकताच गेला होता. त्या दिवशी आसिलचं गाणं नव्हतं. ती पाचव्या रांगेत साइराकानच्या शेजारी, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन बसली होती. वर ओरोझ, आणि त्याच्यासमोर तालासची बेगायिम, एकोणीस वर्षांची, चुणचुणीत पोरगी.

ओरोझनं तारा छेडल्या. पाय पसरले, डोळे मिचकावले. खुर्चीवरचा तो... आसिलनं त्याला सहा महिन्यांत पाहिलंच नव्हतं. हा घरी कधी येत नसे. त्यानं मागणी घातली, नदीच्या पुराचं निमित्त करून, फार गोड, जरा आगाऊ. आणि सवाल संपायच्या आतच आसिलच्या तोंडात जवाब येऊन उभे राहिले.

बेगायिमनं जवाब दिला. चांगला दिला. लोक हसले. ओरोझही हसला, पण ते हसू गवयाचं होतं, एवढं आता आसिलला घरी राहून कळायला लागलं होतं. सवाल टाकून झाल्यावर त्यानं अर्ध्या क्षणापुरती नजर पाचव्या रांगेकडे वळवली, आणि लगेच परत नेली. तिकडे जवाब चालू होता ना, लक्ष द्यायला हवं.

थर्मासच्या झाकणावर आसिलची बोटं हलत होती. साइराकाननं ती पाहिली.

"तुला आला होता का गं जवाब?" तिनं हळूच विचारलं.

"चार आले, आपा."

"चांगले?"

"एक फार चांगला होता."

साइराकाननं मंचाकडे पाहिलं. तिथे दुसरी फेरी सुरू झाली होती. मग ती तशीच, समोर पाहत म्हणाली, "मी त्या दिवशी घाई केली का पोरी? खरं सांग. मला राग नाही यायचा."

आसिलनं विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं एकच नव्हतं.

"नाही, आपा. मी आजही हेच करीन." ती थांबली. "पण ते सुद्धा हवं होतं मला. अजून हवंय."

साइराकाननं मान हलवली आणि तिच्या हातातला थर्मास घेऊन अर्धी पियाली चहा ओतून दिला. वर ओरोझचा सवाल संपला, बेगायिमनं श्वास घेतला, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा आसिलनंही वाजवल्या.